किटलीची खिडकी

पातेल्यावरचं झाकण थडथडलं आणि आई उठली. गॅस बारीक करत पुटपुटली, "किटलीला खिडकी शोभत नाही म्हणे! अहो साहेब, किटलीत माणसं तरी कुठे राहतात?"

आर्किटेक्ट ओशाळून हसला. लेकीलाही हसू आलं.

हमरस्त्याच्या कडेची ही दुमजली काँक्रीटची किटली तिच्या बाबांनी ऐन उमेदीत, तारेच्या जाळीवर सिमेंट थापून उभी केलेली. खाली चहाचं दुकान, वर बिऱ्हाड, धूर जायचा तोटीतून. तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. पुढे तेच लोक 'किटलीपाशी भेटू' म्हणू लागले. आता रस्ता रुंद व्हायचा होता. किटली वारसा ठरली तरच रस्ता तिला वळसा घालणार होता.

"पण मुळात होती तशी हवी," आर्किटेक्ट चाचरत म्हणाला. "नंतरचं सगळं काढावं लागेल."

नंतरची होती ती एवढी खिडकीच. तान्ही लेक खाली दुकानातल्या धुरानं कासावीस होते म्हणून बाबांनी स्वतः छिन्नी लावून फोडलेली. त्या चौकटीत बसूनच ती लहानाची मोठी झाली, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांवरून रंग शिकली. गोल भिंतीला कपाट कधी टेकलंच नाही, म्हणून तिची पुस्तकंही तिथंच. बाबा गेल्यापासून आई तिथूनच गिऱ्हाइकांच्या हातात कप द्यायची.

किटली वाचावी म्हणून लेकीनंच कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले होते. आता नुसतं 'हो' म्हणायचं, तर ती चौकटीतली पुस्तकंच सारखी करत राहिली.

"बुजवा," आईच म्हणाली.

"अगं आई, पण तू..."

"मी बाहेर स्टूल टाकीन. तेवढाच वारा लागेल. छिन्नी मारताना डोळे पुसत होते गं ते. म्हणाले, तुझ्या पोरीनं आल्याआल्या माझ्या किटलीला भोक पाडलं. मिळू दे त्यांची त्यांना, होती तशी."

लेकीनं मान हलवली. आर्किटेक्टनं टेप काढून चौकटीला लावला, तशी खिडकीत पाय सोडून बसलेली तिची चिमुरडी जराशी सरकली. टेपकडे बघितलं, आजीकडे बघितलं, मग आईचा पदर ओढला.

"आई, नंतरचं सगळं काढणार? मग तू नि मी पण नंतरच्याच ना गं?"