गोदाने शिकवलेलं मनगट

मी गोल्फची काठी बोलतेय. डोकं लोखंडाचं, दांडा लाकडाचा, जन्म विलायतेतला. तेव्हा सुरुवातीला माझा तोरा काय विचारता! ठाण्यातल्या एका गिरणीच्या गोऱ्या साहेबाने मला मागच्या माळावर सात-आठ वर्षं मिरवलं आणि एकोणीसशे एकोणपन्नासला मायदेशी जाताना महिपतला देऊन टाकलं. महिपत हा त्याच्या काठ्यांची पिशवी वाहणारा, कोपरीचा गडी.

नव्या साहेबाने जाहीर केलं, पिशवीवाल्यांत जो उत्तम चेंडू मारेल त्याला खेळ शिकवायला कायमचं ठेवू. महिपतला ती नोकरी बायकोसाठी हवी होती. गोदा मिठागरात राबायची. खाऱ्या पाण्याने तिच्या पायांना भेगा पडून रक्त यायचं, आणि ते त्याला बघवत नसे.

पण पूर्वी तोही मिठागरात राबलेला; मीठ ओढून ओढून त्याला सगळा जोर आधीच लावायची खोड. मी खाली येता येताच गडी मनगट सोडून मोकळा व्हायचा आणि चेंडू बेडकासारखा दोन उड्या मारून बसायचा. महिनाभर त्याने माझ्याकडून अंगणच खणून घेतलं.

एकदा गोदा दारात तांदूळ पाखडत होती. त्याची धडपड बघून ती म्हणाली, "आवं, तुमी घाई करतां. माझा सूप बगा. हात खाली येतान, पन मनगट मी शेवटाला झटकतंय."

त्याने सूप पाहिलं. मग मला उचललं. त्या दिवशी चेंडू उडाला तो थेट खाडीकाठच्या चिखलात. गोदा हसत हसत शोधायला गेली.

सामन्याच्या तीन दिवस आधीपासून तिला ताप होता. महिपत जायला तयार नव्हता. तिनेच त्याला पिटाळलं. "जा तुमी. मी कय पलून जातंय?"

तो जिंकला. साहेबाने हात मिळवला. मला खांद्यावर टाकून तो धावत घरी आला, तर शेजारची सखुबाई तोंडाला पदर लावून दारात उभी.

बायकोचं नाव घ्यायची त्यांच्यात रीत नाही. त्या दिवशी गेलेल्या गोदाच्या उशाशी बसून त्याने ते पहिल्यांदा घेतलं. "गोदा, मनगट बरोबर सुटला गं." मला रडता येत नाही, याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

आता आठ वर्षं झाली. माझ्या डोक्यावर गंज चढलाय, तरी मनगट दाखवायला तो मलाच उचलतो. शिकणारे विचारतात, हे तुला कुणी शिकवलं? तो खाली बघून म्हणतो, "मोठ्या सायबानं." मी त्याला दोष देत नाही. तिचं नाव घेतलं तर त्याला पुढे शिकवता यायचं नाही.

पण तुम्ही तरी खरं लक्षात ठेवा. कुठल्याच साहेबाने त्याला काही शिकवलं नव्हतं. शिकवलं ते गोदाने, आणि तो जिंकला हे तिला कळलंच नाही.