रविवारचा खलबत्ता

मिरजेहून निघताना यमुनाबाईंनी लोखंडी खलबत्ता दोन जुन्या पातळांत गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवला होता. सून नवी, देश नवा. निदान दाण्याचं कूट तरी घरचं असावं. राजसचं लग्न मे महिन्यात झालं, ऑगस्टमध्ये स्वरूपा त्याच्याकडे हॅनोव्हरला आली, आणि तिला संसार लावून द्यायला सप्टेंबरच्या अखेरीस यमुनाबाई आल्या. दुसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीसमोर चेस्टनटचं झाड. त्याची फळं खालच्या गाड्यांच्या टपांवर ठक् ठक् पडत. तेवढाच काय तो आवाज. मिरजेला त्यांच्या गल्लीत दिवसभर कुणी ना कुणी तंबोऱ्याच्या तारा जुळवत बसलेलं असे; इथल्या शांततेत त्यांचे कान रिकामे रिकामे वाटत.

पहिल्याच रविवारी त्या जमिनीवर खल ठेवून कूट करायला बसल्या. दहा घाव पडले नसतील, तोच दाराची घंटा वाजली. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ कोलर. सत्तरीची बाई, पायांत घरातल्या सपाता, तोंड आंबलेलं. राजसने वाकून तीनदा माफी मागितली. रविवारी इथे ठोकाठोक चालत नाही, खिळा मारायचा नाही, रिकाम्या बाटल्यासुद्धा कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, लोक सरळ पोलिसांना बोलावतात, असं त्याने आईला समजावलं. मग दार हलकेच लावून घेतलं आणि आईला आधी सांगितलं का नाहीस म्हणून स्वरूपाचा हात पाठीमागे पिरगळला. ती गुडघ्यांवर खाली आली. तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही.

यमुनाबाईंची डावी करंगळी ठणकली. ही करंगळी त्यांच्या नवऱ्यानं, भास्कररावांनी, सायकलच्या पंपानं मोडली होती, अठ्ठ्याऐंशी साली, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, भात कच्चा राहिला म्हणून. भास्करराव मारत ते वाजतगाजत. ताट भिंतीवर, शिव्या अंगणापर्यंत. त्या किंचाळत आणि शेजारचे रेडिओ मोठा करत. वीस वर्षांत एकदाही कुणी दार वाजवलं नाही. सात वर्षांचा राजस कॉटखाली कानांवर हात दाबून बसे. आता भास्करराव फोटोत गेले होते, आणि मुलगा आवाज न करता मारायला शिकला होता.

ऑक्टोबरात झाडाची पानं पिवळी पडून गळू लागली, तसे स्वरूपाचे दंडही निळ्याचे पिवळे होत गेले. यमुनाबाई एकदा मुलाशी बोलल्या. तो हसला. म्हणाला, हे बघ, तू पाहुणी आहेस आई, मजेत राहा, डिसेंबरात तुझं विमान आहे. त्याच संध्याकाळी भाजी निवडताना स्वरूपा खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही गेल्यावर काय हो, आई?" तिचा पासपोर्ट राजसच्या कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. तेव्हापासून यमुनाबाई विमानाचे दिवस मोजू लागल्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे सरकवायची होती. त्या गडबडीत स्वरूपा वार विसरली आणि दुपारी बाटल्यांची पिशवी कोपऱ्यावरच्या डब्यात रिकामी करून आली. राजस फिरून परत येत असताना कुणीतरी त्याला जिन्यात गाठून सुनावलं.

तो घरात आला. बूट काढून ओळीत ठेवले. खिडक्या लावल्या. मग स्वरूपाचे केस मुठीत धरून तिचं डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं, एकदा, दोनदा. ती खाली पडली तेव्हा एका हातानं तिचं तोंड दाबलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा गळ्यावर रोवला. तिच्या टाचा फरशीवर घासत होत्या. यमुनाबाईंनी त्याचा शर्ट ओढला, त्यानं कोपरानं ढकललं. त्या ओट्यावर आदळल्या आणि ओठ फुटला.

"आई, आवाज नको," तो खालच्या सुरात म्हणाला.

तोंडात रक्ताची चव आली आणि यमुनाबाईंना एकदम कळलं. त्यांनी फडताळातून खलबत्ता खाली घेतला, बाहेरच्या खोलीच्या लाकडी जमिनीवर बसल्या आणि रिकाम्या खलात बत्ता घालायला लागल्या. दणादण. घर हादरलं. स्वरूपाला सोडून राजस धावत आला. त्यानं बत्ता ओढला, त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला. मग जन्मात पहिल्यांदा त्यानं आईच्या थोबाडीत मारली. खल कलंडला तशा त्या बत्ता सरळ जमिनीवर मारू लागल्या. लाकडाच्या ढलप्या उडाल्या.

घंटा वाजली. भास्कररावांच्या घरात जी वीस वर्षं वाजली नाही, ती इथे दोन मिनिटांत.

राजसने केस नीट केले, हसत दार उघडलं. फ्राउ कोलर त्याच्या खांद्यावरून आत बघत होत्या. यमुनाबाईंची हनुवटी रक्तानं भरली होती आणि मागे स्वयंपाकघरात स्वरूपा ओणवी होऊन खोकत होती. फ्राउ कोलर तशाच खाली गेल्या. राजसला वाटलं, निभावलं.

पाव तासात पोलीस आले. एक उंच पुरुष आणि एक तरुण बाई. राजस त्यांना जर्मनमध्ये हसत हसत समजावत होता, खलाकडे बोट दाखवत होता. म्हातारी पडली असं सांगतोय, हे त्याच्या हातवाऱ्यांवरून कळत होतं. स्वरूपानं तोवर गळ्याभोवती स्कार्फ गुंडाळला होता. पोलीसबाईनं तिला इंग्रजीत विचारलं. ती खाली बघत म्हणाली, सगळं ठीक आहे.

यमुनाबाईंना ना जर्मन येत होतं ना इंग्रजी. त्या उठल्या. मुलाचा उजवा हात धरला, उचलला, स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि त्याचा अंगठा आपल्या बोटांनी आत दाबला. मग सुनेकडे पाहिलं. राजसने चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला. स्वरूपा सावकाश स्कार्फची गाठ सोडू लागली.

पोलिसांनी त्याच्याकडून घराच्या दोन किल्ल्या घेतल्या. दहा दिवस या घराकडे फिरकायचं नाही, असं बजावलं. यमुनाबाईंनी तिसरी किल्लीही मागून घेतली, कपाटाची. बॅग घेऊन निघताना तो दारात थांबला.

"पोटच्या पोरावर पोलीस आणलेस, आई."

"तुझ्या बापावर आणायला हवे होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा राहून गेलं."

दार लागलं. पाच वाजताच अंधारून आलं होतं. स्वरूपाला गिळता येत नव्हतं, म्हणून यमुनाबाईंनी तांदळाची पातळ पेज केली आणि तिच्या वाटीशेजारी पासपोर्ट ठेवला. दोघी समोरासमोर बसल्या. खाली कुठल्याशा गाडीच्या टपावर चेस्टनट पडलं आणि दोघीही दचकल्या.