सिंहासनाच्या पायरीवरची चिठ्ठी

भूकंपाने पिएत्राफोस्का गावच्या चर्चचे छप्पर नेले. वेदीमागचे लाकडी फळ्यांवरचे चित्र तेवढे शाबूत राहिले. पाच शतकांच्या मेणबत्त्यांनी काळवंडलेली सिंहासनावरची मारिया, मांडीवर बाळ. शहरातल्या पुरातत्त्व खात्याने कळवले होते : चित्रकाराचे नाव सिद्ध झाले तर चर्च पुन्हा उभे करू आणि चित्र तिथेच ठेवू, नाहीतर ते गोदामात जाईल.

शहराहून आलेली चित्रतज्ज्ञ फुल्व्हिया तीन दिवस भिंग घेऊन चित्रापुढे गुडघे टेकून होती. चर्चची देखभाल करणारी म्हातारी एर्सिलिया तडकलेल्या बाकावरून तिच्याकडे पाहत होती.

"एर्सिलियामावशी, तुझे गुडघे एवढे टिकले असते तर स्वर्गात जागा पक्की होती," सरपंच सेत्तिमिओ म्हणाला.

"तुझीही पक्की करायची तर चार गुडघे लागले असते."

फुल्व्हिया हसली नाही. "माझी खात्री आहे, सरपंच. हे कान बघा, ही लांबट करंगळी. हा त्या काळच्या नामांकित चित्रकाराचा, बेर्नार्दीनो दी वान्नीचाच हात. पण खात्याचं नुसत्या कानांवर भागत नाही. बिशपच्या जुन्या पत्रात आहे, की सिंहासनाच्या पायरीवर एक चिठ्ठी रंगवलीय आणि तिच्यावर त्याचं नाव आहे. चिठ्ठी सापडली. कोरी आहे. यंत्रातसुद्धा काही उमटत नाही. कुणीतरी घासून काढलंय."

एर्सिलियाने पायरीवरच्या त्या कोऱ्या चिठ्ठीकडे पाहिले.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी मारियाला पुसायचे, हे तिला आईने शिकवले होते : आधी कापलेला कांदा, मग शिळ्या पावाचा चुरा. पायरीवरच्या त्या पांढुरक्या तुकड्यावर मुंग्यांच्या रांगेसारखे काहीतरी काळे होते. माश्यांची घाण, आई म्हणायची. मारियाच्या पायाशी घाण नको. पुढे एर्सिलियाचा तरणाताठा मुलगा दगडांच्या खाणीत दगावला, आणि त्या वर्षी तिने तो तुकडा असा घासला, की डोळ्यांतले पाणी कांद्याचे की मुलाचे, हे तिलाही कळले नाही. डाग एकदाचा निघाला. बायकांनी तिचे कौतुक केले होते.

ती गप्प राहिली असती तरी चालले असते.

"मी घासलं, बाई," ती म्हणाली. "चाळीस वर्षं."

सेत्तिमिओने टोपी काढली आणि नुसती हातात धरली.

फुल्व्हियाने भिंग खाली ठेवले. मग हलकेच म्हणाली, "काय लिहिलं होतं, आठवतं?"

"वाचता कुठं येतं मला? पण बोटाला ठाऊक आहे." एर्सिलियाने बाकावरच्या चुन्याच्या धुळीत बोट फिरवले : एक उभी रेघ, तिला चिकटलेली दोन पोटे, मग एक आकडी, मग रेघांची गुंतवळ.

"पहिलं अक्षर 'बी', बेर्नार्दीनोचंच आहे," फुल्व्हिया म्हणाली. "पण मावशी, धुळीतली साक्ष खात्यात चालत नाही." तिने अर्ज गुडघ्यावर घेतला आणि चित्रकाराच्या रकान्यात लिहिले : अज्ञात.

चौथ्या दिवशी चार माणसांनी मारियाला ताडपत्रीत गुंडाळून गाडीत ठेवले. एर्सिलिया गाडीपर्यंत गेली.

"तिथं तिला कोण पुसणार?"

"कुणी नाही, मावशी. तिथे तिला कुणी हातही लावणार नाही."

"म्हणजे नुसतंच पडून राहायचं," एर्सिलिया म्हणाली, आणि ताडपत्रीवरची धूळ तळव्याने पुसू लागली. फुल्व्हियाने हळूच तिचा हात बाजूला केला.