बारावा आटा

पाण्याची दारं लावणाऱ्या-उघडणाऱ्या पाटकऱ्याचे पुढचे दोन दात कसे गेले, हे कालव्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या साली मेहुण्याच्या शेताकडचं दार नीट लागलं नाही, पाणी वरच्या वर जिरलं, आणि शेवटच्या टोकाच्या लोकांनी याला भर बैठकीत तुडवला. याने दार लावलं होतं हो. मेहुण्याने दाराखाली दगड सारला होता. पण बायकोचा भाऊ पडला, म्हणून याने तोंड फुटलं तरी मिटूनच ठेवलं.

यंदा धरण अर्धंच भरलं होतं. पाणीवापर संस्थेने ठरवलं, पाणी आधी शेवटच्या शेतांना, मग वर. पाटकऱ्याने सगळ्यांदेखत शब्द दिला की मेहुण्याकडचं दार पक्कं बंद होईल, हँडल पुरते बारा आटे फिरेल. यावेळी चुकलं तर दातांवर भागणार नव्हतं, नोकरीच जाणार होती.

भर दुपारी तो त्या दारावर पोचला, तर मेहुणा फावडं घेऊन आडवा.

"दाजी, दोन आटे उघडं सोडा. पीक करपतंय माझं."

"खालच्यांचं करपून गेलंय. सरक."

मेहुण्याने फावडं घातलं. पाटकऱ्याचा खांदा फाटला. मग मात्र वर्षभर गिळलेलं सगळं उसळून वर आलं. त्याने लोखंडी हँडल मेहुण्याच्या बरगड्यांत हाणलं, वाकला तसं पाठीत हाणलं.

"तुझ्या वाटचा मार मी खाल्ला. तुझ्या बहिणीकडे बघून नाव नाही घेतलं तुझं."

मेहुणा त्याच्याकडे बघत राहिला. रक्त थुंकला आणि कालव्यात उतरला, दाराशी गढूळ पाण्यात वाकला.

चालला दगड सारायला, पाटकऱ्याला वाटलं. त्याआधीच दार लागावं म्हणून त्याने हँडल लावून भराभर फिरवलं. अकरा आटे झाले. बारावा अडला. त्याने दात‑ओठ खाऊन सगळं अंग हँडलवर टाकलं. खाली काहीतरी कडकन मोडलं, आणि त्याला बरं वाटलं. मग किंकाळी ऐकू आली.

त्याने घाईघाईने उलटं फिरवलं. मेहुणा वर आला. उजव्या हाताची चार बोटं नुसत्या कातडीवर लोंबत होती. डाव्या हातात दगड होता.

"सकाळीच सारला होता," तो कण्हत म्हणाला. "काढत होतो, दाजी. आता बसेल दार. लावा."

पाटकऱ्याने सदरा फाडून तो हात बांधला. मग रडत रडत हँडल फिरवलं. बारावा आटा अलगद बसला.