उजव्या हातातली पाटली

मी नम्रताच्या उजव्या हातातली पाटली. डाव्या हातात माझी जुळी बहीण होती, तिचं ती सांगेल. मी आपली उजव्या हाताचं सांगणार, आणि उजवा हात म्हणजे जेवणारा हात. बाईने काय खाल्लं, किती खाल्लं आणि खाऊनही काय खाल्लंच नाही म्हणून सांगितलं, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

माझा जन्म रत्नागिरीच्याच बाजारातला. एका सोनाराने आम्हा दोघींना एकाच दिवशी घडवलं, वर बारीक पानाफुलांची नक्षी काढली आणि आम्ही गंगुबाईंच्या हातात गेलो. गंगुबाईंकडून त्यांच्या सुनेकडे, गोदाकडे आलो. गोदाकडून तिच्या सुनेकडे, म्हणजे नम्रताकडे. या घरात पाटल्या कपाटात ठेवायची पद्धत नाही. भाकरी थापायची, मासे साफ करायचे, कपडे धुवायचे, सगळं आम्हाला घालूनच.

हातातून आम्ही उतरायचं ते एकदाच. नवी सून माप ओलांडून आत आली, की सासूने सगळ्यांदेखत स्वतःच्या हातातल्या पाटल्या काढायच्या आणि तिथल्या तिथे सुनेच्या हातात चढवायच्या. मध्ये तेल नाही, साबण नाही, जरा आत जाऊन येते म्हणणं नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी गोदाने अशीच मला सर्रकन काढली होती. समोर बावीस वर्षांची नम्रता उभी होती, तिचं मनगट शेवग्याच्या शेंगेएवढं. माझ्या आतल्या अंगाला, जिथे नक्षी नाही तिथे, या घराचं एक गुपित आहे. ते तेव्हा मला सांगता आलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण इतकी वर्षं गप्प बसले, तेव्हा तुम्हीही थोडा दम धरा.

तर या जानेवारीत नम्रताच्या मुलाचं, ओमकारचं लग्न ठरलं. मुलगी गुहागरची, नाव तेजस्वी. तारीख धरली वैशाखातली. नम्रताने सहज म्हणून पाटल्या काढून बघितल्या. डावी साबणाच्या पाण्यात कुरकुरत निघाली. मी अंगठ्याच्या मुळाशी आले आणि अडकले. नम्रता टपाल कार्यालयात खिडकीवर बसते. पंचवीस वर्षं या हाताने शिक्के मारलेत, तो डाव्यापेक्षा रुंद होणारच. माझी बहीण हळदीकुंकवाच्या डब्यात गेली आणि मी एकटीच मागे राहिले. जन्मात पहिल्यांदा आम्ही वेगळ्या झालो, मला फार वाईट वाटलं.

"कापून घे की," ओमकार फोनवर म्हणाला.

"तुझ्या आजीने कापली नव्हती," नम्रता म्हणाली. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. माझीच जाडी आडवी येते, तर मीच कमी करीन."

बाजूलाच गोदा लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खिडकीवरच्या योगिनीने उपाय दिला. सोळा तास काही खायचं नाही, आठ तासांत काय ते जेवायचं. रात्री आठला तोंड बंद, दुसऱ्या दिवशी बाराला उघडायचं. मधे कोरा चहा आणि पाणी. योगिनी एकोणतीस वर्षांची आहे, तिचं पाच किलो उतरलं होतं.

सकाळी गोदाने नेहमीसारखी उकड्या तांदळाची पेज वाढली. नम्रताने वाडगा बाजूला सारला.

"कुठला वार गो आज?" गोदाने विचारलं.

"वार नाही आई. आता रोजच."

"रोजचा उपास? कुठल्या देवाला बोललीस?"

"देवाला नाही. वजनासाठी."

गोदाच्या डोक्यात उपास एवढंच शिरलं. त्यानंतर आठवडाभर नम्रताच्या डब्यात वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि वर वाटीभर तूप. "उपाशी माणसाला धरून राहायला नको?" म्हणायची. नम्रता बिचारी नाही कशी म्हणणार? पहिल्या आठवड्यात पाऊण किलो वाढलं. मग तिने सासूला हात जोडून समजावलं आणि डबा भाजी-भाकरीवर आला.

मी साक्षीला असल्यामुळे खरं ते सांगते. बाई नेटाने करत होती, पण स्वयंपाकघरात नियम जरा सैल व्हायचे. सकाळी माशाची आमटी उकळली की पळीभर तळहातावर घेऊन चाखायची. "चव बघणं म्हणजे खाणं नाही," असं मलाच सांगायची, दुसरं तिथे होतं कोण? एकदा सुरमईच्या आमटीला मीठ बरोबर आहे की नाही, हे तिला चौथ्या पळीला समजलं. शिमग्यात पालखी दारी आली, सकाळी नऊलाच प्रसादाचं खोबरं हातात पडलं. प्रसाद उपासात धरतात का, हे तिने माजघरात जाऊन योगिनीला फोन करून विचारलं. योगिनीच्या मोबाइलमध्येही त्याचं उत्तर नव्हतं. देवाला वाईट वाटू नये म्हणून नम्रताने खोबरं खाल्लं आणि घड्याळाला वाईट वाटू नये म्हणून बाराचं जेवण एकला केलं.

हे एवढं हसण्यावारी न्यायला हरकत नाही. पण या बाईच्या अंगात आणखी काहीतरी चाललं होतं आणि ते तिच्या मनगटावर बसून मला पहिल्यांदा कळलं. दोन वर्षांपासून तिची पाळी मागेपुढे व्हायला लागली होती. दोन-दोन महिने पत्ता नसायचा आणि मग यायची ती आठ दिवस मुक्कामाला. मधेच छातीतून गरम वाफ उठायची, मान भिजायची, मीसुद्धा तापायचे. ती उठून पंखा पाचावर करायची, गोदा उठून दोनावर आणायची. रात्री तीनला जाग आली की झोप गेलीच. सकाळी चष्मा फ्रीजमध्ये सापडायचा. आणि त्यावर ती पोटाला चिमटा काढत होती. पोटातली भूक आणि अंगातली वाफ दोन्ही एकदम आल्या की तिला रडू यायचं आणि रडू का आलं ते तिलाच कळायचं नाही.

रोज खिडकीवर शांतपणे बोलणारी बाई एका आजोबांना "फॉर्म नीट भरता येत नाही का?" म्हणून बसली. घरी येऊन त्यावरूनही रडली.

दहा आठवड्यांत तीन किलो उतरले. कुठून, तर गालांवरून. शेजारणी विचारायला लागल्या, "आजारी होतीस काय गो?" हात मात्र होता तसाच. दर रविवारी ती खोबरेल लावून मला ओढायची, मी अंगठ्याच्या हाडापर्यंत यायचे आणि तिथे दोघींचा नाइलाज व्हायचा. मला काय हौस होती तिथे अडकून बसायची? डब्यात माझी बहीण एकटी होती.

लग्नाला तीन आठवडे राहिले आणि एका सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी शिक्का मारायला उचललेला हात तसाच राहिला. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि शिक्का तिने स्वतःच्याच डाव्या मनगटावर मारला. खिडकीपलीकडे मिऱ्या गावचे रावजीकाका पेन्शनसाठी उभे होते. जन्म बोटीवर गेलेला माणूस, चक्कर त्यांना लगेच ओळखू येते. त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून खिडकीतून आत सरकवला.

"खा आधी," म्हणाले.

"काका, बाराला सोडायचाय," नम्रता म्हणाली.

"बाराला तू हयात असलीस तर सोड. आता हा खा."

तिने खाल्ला. पन्नास मिनिटं आधी मोडला म्हणून डोळे पुसत खाल्ला, पण शेवटचा कण बोटाने टिपून घेतला. ते मी पाहिलं.

संध्याकाळी योगिनी तिला डॉक्टर राजश्रींकडे घेऊन गेली. त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, पाळीचं विचारलं, झोपेचं विचारलं, आणि म्हणाल्या, "ताई, पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशीच असतात. अंगातून वाफा, झोप नाही, वजन पोटाकडे सरकणं. तुमचं काही चुकलेलं नाही. उपास सगळ्यांनाच वाईट असं नाही, पण तुम्हाला चक्कर येतेय, तर आधी तो थांबवा. सकाळी पोटभर खा. डाळ, अंडी, मासे असू देत. रोज चाला, थोडं वजन उचला. आणि हा घाट कशासाठी घातला होता?"

नम्रताने मला दाखवलं. डॉक्टरांनी अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितलं.

"इथे हाड आहे हो. वर्षभर उपाशी राहिलात तरी हाड बारीक होणार नाही."

तिथेच सगळं मिटायला हवं होतं. पण नम्रताला उंबरठ्यावरची माणसं दिसत होती. तिचे यजमान बोटीवर, ते लग्नाच्या आठवड्यात येणार. ओमकार मुंबईला. बाकी भावकीतल्या चाळीस बायका टक लावून बघणार, सासूची सर्रकन निघाली आणि हिची निघाली नाही म्हणणार. रविवारी तिने मोबाइलमध्ये बघून हाताला दोरा गुंडाळला आणि मला जीव खाऊन ओढलं. अंगठ्याचं साल निघालं, हात टम्म सुजला. मी होते तिथेच. ती मोरीत बसून लहान मुलासारखी रडली आणि मीही तिच्या रक्ताने भिजले. मला तेव्हा माझीच लाज वाटली.

गोदा दारात येऊन उभी राहिली. मग आत गेली, हळद आणि खोबरेल घेऊन आली आणि खाली बसली.

"रिक्षा बोलाव. सोनाराकडे जाऊ."

"कापायची नाही आई. तुम्ही नाही कापलीत."

गोदाने हळद लावली, फुंकर घातली. मग माझ्याकडे बघत म्हणाली, "कापली होती."

नम्रताचं रडणं थांबलं.

"तू यायच्या पंधरा दिवस आधी. माझंही तुझ्यासारखंच झालं होतं. अंगातून वाफा, हात फुगलेले. आमच्या वेळी या दुखण्याला कोणी नाव घेत नव्हतं. सोनाराकडे जाऊन गुपचूप कापली, जरा वाढवून जोडून घेतली, म्हणून सगळ्यांसमोर सर्रकन निघाली. तुझ्या सासऱ्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं."

"आणि हे तीन महिने मी उपाशी मरतेय ते बघत होतात?"

"लाज वाटली गो," गोदा म्हणाली. "माझी सासू मला सांगायची, खोबरेल लावलं की निघते. तिची निघाली, माझी नाही निघाली. एवढं मोठं खोटं सत्तावीस वर्षांनी कोणत्या तोंडाने सांगू? रोज सकाळी तुझी पेज परत भांड्यात ओतताना ठरवायची, आज सांगेन. नाय सांगितलं. चुकलंच माझं."

नम्रता रागावली. चांगली रागावली, बाजार येईपर्यंत रिक्षात रस्त्याकडे तोंड करून बसली. पण दुखरा हात तिने सासूच्याच मांडीवर ठेवला होता.

सोनाराने मला कापलं. दुखतं हो, सोनं असलं म्हणून काय झालं. मग भिंग लावून त्याने मला आतून फिरवून बघितलं.

"आजी, हिला आधीचे दोन जोड दिसतायत."

"एक असेल," गोदा म्हणाली. "माझा."

"दोन आहेत. दुसरा फार जुना, तुमच्याही आधीचा."

हेच ते माझं गुपित. गोदाच्या आधी गंगुबाईसुद्धा मला घेऊन याच गल्लीत आल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, कोणी बघत नाही ना ते बघत. गोदाचं काम केलं त्या सोनाराने तो जोड पाहिला होता. पण तो गिऱ्हाइकाच्या घरच्या गोष्टी बोलत नसे.

गोदाने भिंग मागून घेतलं आणि स्वतः बघितलं. मग तिचे खांदे हलायला लागले. "म्हातारीने मला फसवलं," म्हणत ती हसत सुटली, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. नम्रताही हसली. तीन महिन्यांत ती एवढी हसलेली मी पाहिली नव्हती. घरी आल्यावर दुपारी चार वाजता दोघी समोरासमोर बसून पेज जेवल्या, सोबत भाजलेला सुका बांगडा. चार ही काही पेजेची वेळ नव्हे.

वैशाखात तेजस्वीने माप ओलांडलं. नम्रताने हात पुढे केला आणि मी सर्रकन उतरले. "बघा, हिचीपण कशी निघाली," कोणीतरी म्हणालं. नम्रता एवढ्यावर गप्प बसली असती तर पुढे पंचवीस वर्षं गोष्ट तशीच चालली असती. तिने गोदाकडे पाहिलं.

"सांग गो," गोदा म्हणाली.

नम्रताने मला उलटी करून तेजस्वीपुढे धरलं. "आत बघ. हे तीन जोड आहेत. हा तुझ्या पणजीसासूबाईंचा, हा आईंचा, हा माझा. ही कोणाचीच सहज निघालेली नाही. पुढेमागे तुझाही हात भरेल. तेव्हा उपाशी राहू नकोस. मला सांग, आपण सोनाराकडे जाऊ."

चाळीस बायका माना पुढे काढून माझ्या आत बघायला लागल्या. मग भावकीतल्या एकीने स्वतःच्या हातातली रुतलेली बांगडी चाचपत हळूच विचारलं, "नम्रता, सोनार कुठला गो?"

आता मी तेजस्वीच्या उजव्या हातात आहे आणि माझी बहीण डाव्या. तिने केस बांधायला हात वर केले की आम्ही दोघी थेट कोपरापर्यंत घसरतो. नम्रता रोज सकाळी पेज जेवून चालायला जाते. पंखा अजून पाचावर असतो, पण आता गोदा शाल पांघरून बसते. माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. हातातली पाटली अडकली तर हाताला बोल लावू नका, मोठी तर पाटलीही करता येते. आणि तेजस्वी, तू पोटभर जेव बाळा. माझ्या आतल्या अंगाला अजून पुष्कळ जागा आहे.