कोऱ्या नळीतला नायट्रोजन

ज्या नळीत मातीच नव्हती, त्या नळीत नायट्रोजन सापडला. तोही थोडाथोडका नाही, शाळेच्या बागेच्या मातीत सापडला त्याच्याहून जास्त.

मातीतला नायट्रोजन मोजायचा तर माती आधी आम्लात घालून तीन-चार तास उकळतात, मग तिच्यातून अमोनियाची वाफ काढून ती एका गुलाबी द्रावणात सोडतात. अमोनिया आला की गुलाबीचं हिरवं होतं. ते पुन्हा गुलाबी करायला किती आम्ल लागलं, त्यावरून सगळा हिशेब. दर खेपेला अकरा नळ्यांत माती असते आणि बाराव्या नळीत सगळं असतं, फक्त माती नसते. त्या नमुन्याला कोरा म्हणतात. कोऱ्याला जगात एकच काम, आपल्यात काही नाही हे सिद्ध करायचं. गेले दोन महिने, एक सोमवार आड, त्याला तेही जमत नव्हतं.

याचा सगळा ताप चिमट्याला. चिमटा म्हणजे या नळ्यांवर काम करणारी मुलगी. ती गरम-गार सगळं चिमट्यानेच उचलायची, एकदा तर चहाचा कपसुद्धा, म्हणून मामांनी तिला हे नाव ठेवलं होतं. मामा प्रयोगशाळेत झाडण्यापुसण्यापासून नमुने चाळण्यापर्यंत सगळं करायचे आणि नावं ठेवण्याचं काम वरकड म्हणून करायचे.

कोऱ्याचा आकडा बाकीच्या अकराही नमुन्यांतून वजा करतात. त्यामुळे कोरा वर गेला आणि शाळेच्या बागेची माती जमिनीखाली गेली.

"उणे?" प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी पांढऱ्या भुवया वर चढवल्या. "नायट्रोजन उणे?"

"हो सर. शून्य दशांश चार."

"म्हणजे त्या मातीत नायट्रोजन नाही, एवढंच नाही. शेजारून कुणी गेलं तर त्याच्यातलाही ती ओढून घेईल. मुलं खेळतात का तिथे?"

"खेळतात सर."

"ठणठणीत आहेत?"

"विचारलं नाही सर."

सरांनी टेबलावर दोन कागद ठेवले. एक होता चिमट्याला नोकरीत कायम करण्याचा. तिचं उमेदवारीचं वर्ष संपायला पंधरा दिवस उरले होते. दुसरा होता 'त्रुटीची नोंद'. त्यात तीनच रकाने: कारण, उपाय, मुदत.

"हा भरल्याशिवाय त्याच्यावर सही नाही. ज्याला कोरा सांभाळता येत नाही, त्याच्या हातात मी माती देत नाही. आणि कारण खरं लिहायचं. 'हवामान' वगैरे लिहिलंस तर मी हवामान खात्याला पत्र टाकीन."

सर बोलल्याप्रमाणे वागणारे होते. शोध त्यांनी स्वतः हाती घेतला. मामांचं फरशी पुसायचं औषध जप्त झालं. खिडकीतल्या कुंडीची मैदानात बदली झाली. मांजराला येण्याजाण्याची बंदी झाली, पण ते मांजराला कळवायचं राहून गेलं. सरांनी संशयाने मामांचा जेवणाचा डबाही तपासला.

"निकाल काय लागला?" चिमट्याने विचारलं.

"मीठ कमी," मामा म्हणाले.

कोरा मात्र एक सोमवार आड बिघडतच राहिला. मंगळवारी शहाणा, बुधवारी शहाणा. शनिवारी संध्याकाळी गुलाबी द्रावण फ्लास्कांत ओतून रांग लावून जायची चिमट्याची शिस्त होती. सोमवारी सकाळी तीच रांग वापरायची. तिने द्रावण बदललं, फ्लास्क बदलले, स्वतःचा साबण बदलला. शेवटी नाकी नऊ आले तेव्हा गुलाबी द्रावणाची एक छोटी बाटली पर्समध्ये घेऊनच फिरायला लागली. बसमध्ये उघडायची, जिन्यात उघडायची, दातांच्या डॉक्टरकडे उघडायची. बाटली सगळीकडे गुलाबीच.

रविवारी ती ताईच्या पार्लरमध्ये गेली. ताईला सगळं माहीत होतं आणि तिला दया अजिबात आलेली नव्हती.

"काळजी कसली करतेस? नोकरी गेली तर इथे जागा आहे. तो बघ झाडू. केस गोळा करायचे. चिमट्याने केलेस तरी माझी हरकत नाही."

"ताई, मी मातीत पदवी घेतलीय गं."

"तेच म्हणतेय. झाडायचं शिक्षण झालंच आहे."

ताई बोलता बोलता एका बाईंच्या डोक्यासाठी वाटीत रंग कालवत होती. चिमट्याचं नाक एकदम ताठ झालं. हा वास. प्रयोगशाळेतला सोमवारचा वास!

"ताई, यात काय असतं?"

"रंग."

"आणि वास कसला?"

"रंगाचा."

चिमट्याने खोका उचलून बारीक अक्षरं वाचली आणि पर्समधून बाटली काढली. रंग लावून झालेल्या बाईंच्या टाळूपाशी ती उघडून धरली. बाई आरशातून बघत राहिल्या. बाटली हळूहळू हिरवी झाली.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"ट्रीटमेंट आहे," ताई म्हणाली. "मोफत." मग बहिणीला कोपऱ्यात ओढून म्हणाली, "बोल. तुमच्याकडे रंग लावतं कोण?"

"कोणी नाही गं. मी नाही. मामांना तर केसच नाहीत. आणि राहिले..."

राहिलेलं नाव घ्यायला तिची जीभ उचलेना. पांढऱ्याशुभ्र भुवया आणि त्यांच्यावर शाईत बुडवून काढल्यासारखे काळेभोर केस. वर्षभर ती ते रोज बघत होती आणि एकदाही बघितलं नव्हतं. सर एक सोमवार आड सातलाच का येतात, तेही कळलं. दोन महिन्यांपूर्वी घरी बायकोने डागाळलेल्या टॉवेलांवरून तंबी दिली असणार, तेव्हापासून सर रंग इथेच, आपल्या खोलीत लावत होते. सरांच्या खोलीतला पंखा आतली हवा बाहेर फेकायचा, आणि बाहेर म्हणजे अमोनियाची वाफ काढायच्या खोलीत, थेट तिच्या फ्लास्कांच्या रांगेवर. रांगेत पंख्याला सगळ्यात जवळ असायचा कोऱ्याचा फ्लास्क.

"मग लिही की कागदावर," ताई म्हणाली.

"कसं लिहू? ज्यांचं नाव लिहायचं, सही त्यांचीच लागते."

ताईने क्षणभर विचार केला आणि झाडू दोन पावलं तिच्या बाजूला सरकवला.

दुसऱ्याच दिवशी रंगाचा सोमवार होता. आठ वाजता चिमटा गुलाबी द्रावणाचे तीन फ्लास्क घेऊन सरांच्या दारात उभी राहिली. सरांचे केस ओले होते.

"पाऊस लागला वाटेत," सर म्हणाले. बाहेर लख्ख ऊन होतं.

"सर, कारण सापडलंय. सांगत नाही, दाखवते."

तिने एक फ्लास्क दारात ठेवला, एक खिडकीत आणि एक सरांच्या समोर. दोघं फ्लास्कांकडे बघत राहिले. पाच मिनिटांनी सरांच्या समोरच्याला हिरवट झाक आली.

"टेबल!" सर म्हणाले. "पॉलिश असेल."

"टेबल नाही सर."

"खुर्ची?"

"खुर्चीच्या... जरा वर, सर."

सरांनी वर छताकडे बघितलं.

"इतकं वर नाही, सर."

सरांनी ओल्या केसांना हात लावला आणि बोटं नाकाशी नेली. मग सरांच्या आतला रसायनशास्त्रज्ञ जागा झाला. चिमट्याने हे गृहीतच धरलं नव्हतं. ती फक्त ओरडा खायची तयारी करून आली होती.

"असं चालणार नाही," सर कडक आवाजात म्हणाले. "कोरा कुठे आहे? तुलनेला कोरा नसेल तर मी निष्कर्ष मानत नाही. मामांना बोलाव."

मामा आले. डोकं काचेच्या भांड्यासारखं गुळगुळीत. त्यांना खुर्चीत बसवून एक ताजा फ्लास्क त्यांच्या टाळूपाशी धरला आणि दुसरा सरांनी स्वतःच्या हाताने स्वतःच्या केसांपाशी. मामांनी काहीही विचारलं नाही. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी याहून विचित्र हुकूम पाळले होते.

पाच मिनिटांनी मामांचा फ्लास्क गुलाबीच होता. सरांचा हिरवा.

"मी पास का?" मामांनी विचारलं.

"मामा, तुम्हाला हे माहीत होतं?" सरांचा आवाज एकदम लहान झाला.

"रंगाचं? पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"डबा तपासलात, तेव्हा हे विचारलं नाहीत."

सरांनी त्रुटीचा कागद पुढे ओढला. चिमट्याचा जीव टांगणीला लागला. आता 'हवामान' लिहिलं की संपलं. कागद भरलेला होईल, कोरा बिघडलेलाच राहील आणि पुढच्या सोमवारचं खापर तिच्याच माथी. सरांनी पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मग सावकाश, सुवाच्य अक्षरात 'कारण' या रकान्यात लिहिलं: 'केसांचा रंग (अमोनियायुक्त). वापरणार: प्रयोगशाळाप्रमुख.'

'उपाय'मध्ये लिहिलं: 'बंद.'

'मुदत'पाशी ते थांबले.

"आजपासून, सर?" चिमट्याने हळूच विचारलं.

"रंग आजपासून बंद. पण त्रुटी डोक्यावर दिसायची थांबेल तेव्हा मुदत पूर्ण. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. माझे सहा आहेत."

"म्हणजे सहा महिने."

"मधे दोनदा कापले तर चार."

त्यांनी 'चार' लिहिलं, खाली सही केली आणि त्याच ओघात दुसरा कागद ओढून त्यावरही केली. चिमट्याने तो दोन्ही हातांनी उचलला, चिमट्याशिवाय. तिचे पाय दाराकडे निघालेसुद्धा होते.

"थांब," सर म्हणाले. "त्या चार महिन्यांत या प्रयोगशाळेत कुणीही माझ्या डोक्याकडे बघायचं नाही. लिहून घे."

"कुठल्या रकान्यात, सर?"

सरांनी कागद उलटसुलट करून खरोखर शोधलं.

"मागच्या बाजूला," ते म्हणाले. "पेन्सिलने."