वायरमनच म्हणाला, भूत आहे

भर दुपारी सगळे पडदे ओढून, खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबून पंचवीस-तीस माणसे एका बंद बल्बकडे टक लावून बसली होती. बल्बचे बटण बंद आहे हे प्रत्येकाने आत येताना स्वतः बोट लावून तपासले होते. बल्बखाली आरामखुर्ची होती. आयुष्यभर घड्याळे दुरुस्त करून मागच्या वर्षी वारलेल्या अप्पांची ती खुर्ची. आता तिच्यात मांडी घालून उजेडबाबा बसले होते.

"अप्पा," बाबांनी हाक मारली, "आला असाल तर खूण द्या. ब्रह्मांडातले तरंग गोळा करा. सावकाश. आम्ही थांबतो."

माणसे थांबली. कुणी खोकले, कुणाचे मूल चुळबुळले, बाबांचा शिष्य हात धुवायला म्हणून आत गेला. आणि बल्ब उजळला. उजळला म्हणजे काजव्याइतका, पण त्या काळोखात तेवढाही पुरे होता. खोलीभर "अहाहा" उमटले.

"आले! अप्पा आले!" पहिल्या रांगेतला प्लंबर हात जोडून ओरडला. याच घराचे नळ त्याने बसवले होते, त्यामुळे अप्पांवर आपला जास्त हक्क आहे असे त्याला वाटत होते.

"अप्पा, काकूंनी डोळ्याचं ऑपरेशन करावं का? नको असेल तर उजेड जाऊ द्या," बाबांनी शेजारी बसलेल्या अप्पांच्या पत्नीकडे, काकूंकडे, बघत विचारले.

थोडा वेळ गेला आणि उजेड गेला.

दाराशी उभ्या असलेल्या वायरमनने कपाळावर हात मारून घेतला. हसू त्यालाही आले असते, पण हे सगळे रामायण त्याच्याच तोंडून सुरू झाले होते.

झाले होते असे. सहा महिन्यांपूर्वी या घराची दुरुस्ती निघाली. घराच्या कामात वायरमनचे नशीब ठरलेले असते. सगळ्यांच्या आधी यायचे, सगळ्यांच्या शेवटी जायचे आणि मधल्या काळात इतरांनी घातलेले घोळ निस्तरायचे. गवंडी त्याचे बॉक्स सिमेंटने लिंपून टाकतो. रंगारी बटणांसकट भिंत रंगवतो आणि वर विचारतो, "बटणं का दाबत नाहीत हो?" आपला वायरमन या सगळ्यांना तोंडी पुरून उरत असे. वायरच्या बाबतीत तर तो कुणाच्या बापाचे ऐकत नसे. गिझरला चार एमएमची, दिव्यांना दीडची, आणि दोन्हींचे पाइप वेगळे. "अडीचची चालणार नाही का?" असे कुणी विचारले की तो म्हणे, "चालेल की. जळेपर्यंत चालेल."

काम संपले आणि महिन्याभराने काकूंच्या मुलीचा फोन आला होता. वायरमन तेव्हा दुसऱ्याच घरात शिडीवर होता, दातात पक्कड धरून.

"बटण बंद केलं तरी बल्ब मिणमिणतो हो. काय असेल?"

"भूत असेल," तो हसून म्हणाला होता. "काही करत नाही ते. राहू द्या."

धंद्यातला शब्द होता तो. बंद वायरमध्ये कुठून तरी थोडेसे व्होल्टेज दिसले की वायरमन लोक त्याला भूत म्हणतात. पण मुलीचा फोन स्पीकरवर होता आणि शेजारी काकू बसल्या होत्या. अप्पांना जाऊन तेव्हा सातच महिने झाले होते. काकूंना त्या वाक्यातला एकच शब्द ऐकू आला. त्यांनी तो शेजारणीला सांगितला, शेजारणीने तिच्या भावजयीला, आणि आठवड्याभरात कुठून तरी उजेडबाबा हजर झाले. बोलावले कुणी, ते अजून कळलेले नाही.

एवढ्यावर थांबले असते तर वायरमनने दुर्लक्ष केले असते. पण काकूंना काचबिंदू होता. डाव्या डोळ्याने काम थांबवले होते आणि उजवाही त्याच वाटेवर होता. "गेलेली नजर परत आणता येत नाही, उरलेली तेवढी वाचवता येते," असे सांगून डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती. ती तारीख परवावर आली होती. आणि बाबांनी फर्मान काढले होते की चाळीस दिवस डोळ्याला शस्त्र नको, औषधाचा थेंब नको, अप्पांच्या उजेडाकडे बघत बसायचे. काकू रोज तासन्‌तास त्या बल्बकडे बघत बसत होत्या.

"तुम्हीच भूत म्हणालात," मुलगी सकाळी वायरमनच्या दुकानात येऊन रडली होती. "आता तुम्हीच काढा ते."

म्हणून तो आला होता. आता मुलीला त्याने न्हाणीघराकडे जाणाऱ्या बोळात बाजूला घेतले आणि हळूच विचारले, "हा उजेड सारखाच असतो का?"

"छे. रोज सकाळी साडेसातला येतात अप्पा. घड्याळ लावून घ्यावं. त्यांची आंघोळीची वेळ होती ना ती."

"हल्ली साडेसातला आंघोळीला कोण जातं?"

"मी जाते," मुलगी म्हणाली.

वायरमनने छताकडे पाहिले, मग न्हाणीघराच्या दाराकडे, आणि त्याचा चेहरा पडला. त्याला एक दिवस आठवला, जो विसरण्याची त्याने बरीच खटपट केली होती.

तेवढ्यात बाहेर बाबा पुन्हा गरजले, "अप्पा, अजून एकदा दर्शन द्या!" आणि शिष्य बोळातून न्हाणीघराकडे निघाला. वायरमन दारात आडवा उभा राहिला.

"हात धुवायचेत," शिष्य म्हणाला.

"आत्ताच धुतले ना? आणि कोरडे कसे हो?"

शिष्याने हात पाठीमागे घेतले.

"स्वयंपाकघरात नळ आहे. चांगला मोठा आहे. दोन्ही हात मावतील."

बाहेर बाबांनी तीन वेळा हाक मारली. दर वेळी आवाज एक पायरी वर चढला. बल्ब ढिम्म. लोक एकमेकांकडे बघू लागले. बाबांनी घाम पुसला आणि जाहीर केले, "कुणीतरी अश्रद्ध माणूस घरात शिरलाय."

"शिरलाय खरा," वायरमन बैठकीत येत म्हणाला. "न्हाणीघराच्या दारात उभा होता. काकू, जरा उठता? माझ्याबरोबर चला."

"अप्पा आत्ता येतील," काकू म्हणाल्या.

"येतील. तुम्हीच त्यांना आणणार आहात."

त्याने त्यांचा हात धरून न्हाणीघरापर्यंत नेले आणि त्यांचे बोट गिझरच्या बटणावर ठेवले. "दाबा."

काकूंनी बटण दाबले. बैठकीतून एकदम गलका झाला, "आले! आले!"

"आता बंद करा."

"गेले!" बैठक ओरडली.

काकूंनी पुन्हा चालू केले, पुन्हा बंद केले. आले, गेले, आले, गेले. पाचव्या वेळेला कुणी ओरडले नाही. मागच्या कोपऱ्यातून कुणीतरी फिदीफिदी हसले आणि मग त्याच्याच पाठोपाठ अर्धी खोली हसली.

वायरमनने शिडी लावली आणि बोळातल्या खोट्या छताचे झाकण उघडले. पडदे कुणीतरी आपणहून सरकवले होते. त्याने एक पाइप खाली ओढून सगळ्यांना दाखवला. त्याच्या तोंडाशी गिझरची जाड लाल वायर आणि बैठकीच्या बल्बची बारीक पिवळी वायर एकमेकींना चिकटून होत्या.

"या दोघी पंधरा मीटर अशा खेटून गेल्यात. गिझर चालू केला की जाड वायरीत वीज येते. बारीक वायर बंद असते, पण एवढ्या लांबवर शेजार मिळाला की तिच्यातही कणभर व्होल्टेज उतरतं. जुना तारेचा बल्ब त्याला दाद देत नसे. एलईडीला मात्र तेवढंही पुरतं. आमच्या धंद्यात यालाच भूत म्हणतात. बाबांच्या शिष्याला गिझरचं बटण सापडलं, बाकीचं सगळं बाबांचं तोंड."

त्याने पिशवीतून तारेचा जुना बल्ब काढून लावला आणि गिझर चालू करायला लावला. काही झाले नाही.

"अप्पा तारेच्या बल्बवर रुसले वाटतं," शेजारीण म्हणाली.

"पण दोन्ही वायरी एका पाइपात घातल्या कुणी?" मुलीने विचारले.

वायरमन खाली उतरला. "मी. गिझरसाठी वेगळी झिरी मारली होती मी भिंतीत. दोन दिवस दुसरीकडे गेलो, तेवढ्यात या महाशयांनी तिच्यात पाण्याचा पाइप घातला आणि टाइल्सवाल्याने वरून फरशी ठोकली."

सगळ्या माना प्लंबरकडे वळल्या. त्याचे हात अजून जोडलेलेच होते. त्याने ते हळूच खिशात घातले.

"आयती झिरी दिसली," तो पुटपुटला.

"दिसली. आणि मला त्या दिवशी भांडायचा कंटाळा आला. दामटली गिझरची वायर दिव्याच्या पाइपात. वर फोनवर दात काढून भूत म्हणालो. काकू, माझं चुकलं. हा पाइप मी उद्या वेगळा करून देतो."

गलबल्यात उजेडबाबा कधी उठले ते कुणी पाहिले नाही. चपला मात्र ते विसरले नाहीत. शिष्याच्या तेवढ्या राहिल्या.

काकू अप्पांच्या खुर्चीजवळ उभ्या होत्या. "म्हणजे आलेच नव्हते ते? एकदाही?"

वायरमनला वाटले, हे खोटे तसेच चालू दिले असते तर निदान या बाईला सोबत तरी राहिली असती. पण मग तिच्या उजव्या डोळ्याकडे त्याचे लक्ष गेले आणि तो म्हणाला, "नव्हते, काकू."

काकूंनी पदराने डोळे पुसले. खुर्चीत बसल्या. आणि रडता रडताच त्यांना हसू आले.

"त्यांच्याकडे एकदा एक माणूस घड्याळ घेऊन आला होता. आपोआप थांबतं, आपोआप चालतं, घरात काहीतरी आहे म्हणाला. हे म्हणाले, असेल, पण आधी झाकण उघडून बघू. आत झुरळ होतं." त्या बल्बकडे बघू लागल्या. "ते इथे असते तर पहिल्याच सकाळी स्टुलावर चढले असते. मी मेली महिनाभर हात जोडून बसले. आणि म्हणे मी त्यांची आठवण काढत होते!"

मग त्या जमलेल्या माणसांकडे वळल्या. "जा आता घरी. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी झाकण उघडून बघा. काहीच सापडलं नाही तर हात जोडायला वेळ कुठे पळून जातोय?"

माणसे उठली. प्लंबर सगळ्यांच्या आधी सटकला.

काकूंनी मुलीकडे हात पुढे केला. "ते थेंब आण डोळ्यात घालायचे. आणि दवाखान्याची पिशवी भर. परवा किती वाजता बोलावलंय?"

"साडेसातला," मुलगी म्हणाली.

"बरी वेळ आहे," काकू म्हणाल्या आणि थेंबांसाठी त्यांनी मान मागे टेकवली.